सोंग घेण्यापूर्वी



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा बंद पडलेल्या गिरण्या यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी खेळाविषयी बोलणार आहे. खेळही असा की, ज्यात जाणत्या वयाची, नोकरीधंदा करणारी माणसे दोन-तीन दिवसांपुरते आपले नाव, गाव आणि हुद्दा बाजूला ठेवतात. कोणी सरदार होतो, कोणी पाथरवट, कोणी वैदू, कोणी राक्षस. आणि मग रानात, जुन्या किल्ल्यात किंवा एखाद्या रिकाम्या इमारतीत त्या सोंगानेच वावरतात, बोलतात, भांडतात आणि जेवतात. पाठ करायची संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतो. इंग्रजीत याला लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले म्हणतात आणि आद्याक्षरे जोडून नुसते लार्प. मी आपल्या सोयीसाठी सोंगखेळ म्हणेन. आपला बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो तेव्हा त्याचे सोंग आपल्यासाठी असते. आपण हसलो नाही, दोन पैसे दिले नाहीत, तर ते फुकट जाते. सोंगखेळात पाहणारा कोणी नाही, जो आला तो खेळणाराच. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याची मोठी पंचाईत होते. नाटकाला पहिल्यांदा जाणारा मागच्या रांगेत गुपचूप बसून घेतो; इथे मागची रांगच नाही.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या अभ्यासवर्गांमुळे. युनियनच्या शिबिरात वाटाघाटींचा सराव करताना आम्ही एकाला कारखान्याचा मॅनेजर करतो आणि तिघा-चौघांना कामगारांचे प्रतिनिधी. पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसणारा कार्यकर्ता आकडे पाठ करून येतो, ताळेबंद वाचून येतो, आणि समोरच्याने 'बसा, चहा घ्या' म्हटले की गडबडून जातो. मेहनत त्याने केलेली असते, पण भलत्याच गोष्टीवर. हे वर्षानुवर्षे पाहिल्यावर मला प्रश्न पडला की, माणसे सोंग घेण्यापूर्वी आजवर काय काय तयारी करीत आली आहेत? रात्रीच्या वेळी कोश उशाशी घेऊन मी जी इंग्रजी पुस्तके वाचली, त्यांत या प्रश्नाचे सर्वांत भव्य आणि सर्वांत ओलेचिंब उत्तर मला स्कॉटलंडमध्ये सापडले, १८३९ सालचे.

त्याची पार्श्वभूमी अशी. २८ जून १८३८ रोजी लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला. मेलबर्न यांच्या व्हिग सरकारने काटकसर म्हणून वेस्टमिन्स्टर हॉलमधली मेजवानी वगळली, आणि त्या मेजवानीत पूर्ण चिलखत घालून घोड्यावर बसून आत येणाऱ्या व 'राजाचा हक्क कोण नाकारतो' असे आव्हान देणाऱ्या वीराचा विधीही वगळला. हा विधी १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या वेळी झाला तो शेवटचा. सरदारवर्गाने नाके मुरडली आणि समारंभाला 'पेनीचा राज्याभिषेक' असे कुत्सित नाव पडले. एअरशायर परगण्यात मोठी जमीनदारी असलेला तेरावा अर्ल ऑफ एग्लिंटन, आर्चिबाल्ड माँटगोमेरी, तेव्हा पंचविशीत होता. त्याचे सावत्र वडील सर चार्ल्स लॅम्ब हे नाइट मार्शल या दरबारी पदावर होते. जुना थाट राहिला असता तर त्यांना त्यात मिरवायला मिळाले असते. घरातली ही हळहळ, आणि १८१९ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीवर वाढलेली ती पिढी. दोन्हींचा मेळ बसून असे ठरले की, सरकार करीत नाही तर आपण करू. मध्ययुगातल्यासारखी भाल्यांची झुंज एग्लिंटनच्या वाड्यासमोर भरवायची.

१८३८ च्या शरदऋतूत सॅम्युएल प्रॅट या व्यापाऱ्याच्या लंडनमधल्या दुकानात इच्छुकांची बैठक झाली. प्रॅट जुनी चिलखते आणि हत्यारे विकत असे. बैठकीला सुमारे दीडशे जण जमले. चिलखत, घोड्याची झूल, भाले, निशाण, स्वतःचा तंबू, हुजऱ्यांचे पोशाख असा सगळा हिशेब ऐकल्यावर बहुतेकांचा उत्साह मावळला आणि चाळीसच्या आसपास उरले. प्रॅटने मात्र सगळे काम अंगावर घेतले: मांडव, तंबू, पताका, प्रेक्षकांसाठी चौथरे, मेजवानीची आणि नाचाची छत्रे. आजच्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण कंत्राट एकाच ठेकेदाराला गेले. त्याच्या दुकानात अस्सल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात बनावट मालही होता हे पुढे उघड झाले. पण खरे चिलखत काय आणि खोटे काय, ते पारखायची विद्या या गिऱ्हाइकांपाशी नव्हती, पैसे होते. कोणत्याही नवख्याला दुकानदार प्रथम भेटतो हे त्या काळीही खरे होते.

सरावाच्या बाबतीत या मंडळींना मी पूर्ण गुण देतो. लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात आयर आर्म्स नावाच्या खानावळीमागे मोठी बाग होती. तिथे महिनोन्महिने हे तरुण चिलखत चढवून घोड्यावर बसायला, झापडीच्या फटीतून पाहायला आणि हातातला लांब भाला न हलवता पेलायला शिकले. ज्याने एकदाही डोक्यावर लोखंडी टोप घातला नाही त्याला वाटते की वजनाचा त्रास होईल. खरा त्रास होतो तो बाजूचे काही दिसत नाही आणि स्वतःचाच श्वास कानात घुमतो याचा. भट्टीजवळ काम करणाऱ्या आमच्या वेल्डरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटची रंगीत तालीम शनिवारी, १३ जुलै १८३९ रोजी झाली. एकोणीस नाइट उतरले आणि ती पाहायला दोन हजारांहून अधिक निवडक निमंत्रित आले.

या तारखेपाशी मला थोडे थांबावे लागते. आदल्याच दिवशी, १२ जुलैला, त्याच शहरात पार्लमेंटने चार्टिस्टांचा अर्ज फेटाळला होता. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, सभासदांना वेतन अशा सहा मागण्यांचा तो अर्ज. त्यावर बारा लाख ऐंशी हजार सह्या होत्या. तो विचारात घ्यावा की नाही एवढ्याच प्रश्नावर मते पडली: बाजूने ४६, विरुद्ध २३५. आदल्या वर्षी जानेवारीत ग्लासगोच्या सूतकताई कामगारांच्या पाच पुढाऱ्यांना १८३७ च्या संपानंतर सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १२ ऑगस्टपासून देशभर महिनाभर काम बंद ठेवण्याची चार्टिस्टांची योजना ऐन वेळी मागे घ्यावी लागली, कारण तयारी नव्हती. आणि त्यानंतर सोळा दिवसांनी एग्लिंटनचा खेळ सुरू झाला. ४ नोव्हेंबरला वेल्समधल्या न्यूपोर्ट गावी सैनिकांनी चार्टिस्ट मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि निदान बावीस माणसे मेली.

नाइटांनी सह्यांचा अर्ज फेटाळला असे मी म्हणत नाही; तो आरोप अन्यायाचा होईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्कॉटलंडमधले खाणकामगार आणि मिठागरांवरचे कामगार कायद्याने खाणीला व मिठागराला बांधलेले असत. खाण विकली की माणसेही तिच्याबरोबर जात. १७७५ च्या कायद्याने हे बंधन सैल झाले आणि १७९९ च्या कायद्याने तुटले. म्हणजे १८३९ मध्ये ज्यांचा जन्म त्या बंधनात झाला होता असे म्हातारे खाणकामगार स्कॉटलंडात हयात होते. सरंजामशाही ही अर्लसाहेबांना कादंबरीतली गोष्ट होती, अंगावर चढवून संध्याकाळी उतरवून ठेवता येणारी. त्याच परगण्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ती बापाच्या तोंडून ऐकलेली आणि स्वतः भोगलेली गोष्ट होती. कोणते सोंग कोणाला गंमत वाटते आणि कोणाला ते सोंग वाटतच नाही, हा विचार प्रॅटच्या यादीत नव्हता. आजचे चांगले संयोजक तो करतात. त्याकडे मी पुढे येतो.

तर दिवस उजाडला बुधवार, २८ ऑगस्ट १८३९. अर्लने तिकिटे फुकट ठेवली होती. येणाऱ्यांनी जमल्यास जुन्या काळचा वेष करावा एवढीच विनंती होती. वाड्याजवळच्या घोड्यांच्या शर्यतींना येत त्याप्रमाणे काही हजार माणसे येतील असा अंदाज होता. आले सुमारे एक लाख! एअर ते अर्व्हिन हा रेल्वेचा तुकडा तीनच आठवड्यांपूर्वी, ५ ऑगस्टला, खुला झाला होता. जुन्या काळात जाण्यासाठी लोक त्या वेळच्या सर्वांत नव्या वाहनात बसून आले. ग्लासगोकडून येणारा रस्ता गाड्यांनी भरून गेला. प्रत्येक नाइटामागे त्याचा लवाजमा, घोडे, निशाणे. दुपारी निघायची मिरवणूक अरुंद वाटेवर अडली आणि तासन् तास खोळंबली. ती एकदाची निघाली, आणि ढगांचा गडगडाट होऊन पाऊस कोसळू लागला.

एअरशायरमध्ये ऑगस्टअखेर पाऊस पडणे म्हणजे आपल्याकडे आषाढात पाऊस पडण्यासारखे. वर्षभर चाललेल्या तयारीत ही एक गोष्ट कोणाच्या मनात आली नाही. प्रॅटने बांधलेल्या मोठ्या चौथऱ्याचे रंगीत छप्पर गळू लागले आणि दोन हजार पाहुणे रेशमी वस्त्रांनिशी भिजले. मैदानाला तीन बाजूंनी वळसा घालणारा लग्टन ओढा फुगला. मेजवानीचा तंबू पाण्याने भरला आणि त्या रात्रीची मेजवानी व नाच रद्द झाला. 'सौंदर्यराणी' म्हणून निवडलेल्या लेडी सेमूर यांना पांढऱ्या घोड्याऐवजी बंद गाडीतून आणावे लागले. 'स्पर्धेचा राजा' म्हणून थाटात निघालेल्या लंडनडेरीच्या मार्क्विसने भर मिरवणुकीत छत्री उघडली. चिलखत आणि छत्री! व्यंगचित्रकारांना वर्षभराचा शिधा मिळाला. मला विचाराल तर त्या दिवशी त्या मैदानावर शहाणा माणूस तो एकटाच होता. घरून निघताना त्याने छत्री घेतली होती.

गुरुवारही तसाच गेला. काहींनी वाड्यातच आपली हौस भागवली. शुक्रवारी, ३० तारखेला, आभाळ उघडले, आणि मग झुंज खरोखर झाली. ड्रॅगनचा नाइट, सोनेरी सिंहाचा नाइट, हंसाचा नाइट असे एकेक जण घोडे फेकीत आले, भाले तुटले, शेवटी तलवारींची सरमिसळ चकमकही झाली. कोणी मेले नाही. रात्री मेजवानी आणि नाचही पार पडला. पण वर्तमानपत्रांत गाजला तो बुधवार, आणि इतिहासातही बुधवारच राहिला. अर्लला एकंदर खर्च तीस ते चाळीस हजार पौंड आला असे सांगतात.

या पाहुण्यांत आणि झुंजणाऱ्यांत एक परदेशी राजपुत्र होता, फ्रान्समधून हद्दपार झालेला लुई नेपोलियन. त्याची पुढची कथा आपल्या विषयाला सोडून नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८४० मध्ये, त्याने पन्नासेक माणसांना फ्रेंच लष्करी गणवेश चढवले आणि बूलोन बंदरात उतरून राज्य घेण्याचा प्रयत्न केला. काही तासांत सगळे पकडले गेले. जन्मठेप होऊन तो आमच्या किल्ल्यात गेला, म्हणजे 'आम' नावाच्या गावच्या किल्ल्यात. आमच्या युनियनचा तिथे काही संबंध नाही. तिथून १८४६ मध्ये तो पळाला तो किल्ल्यात दुरुस्तीला आलेल्या मजुराचे कपडे घालून, खांद्यावर फळी घेऊन. चिलखताने आणि गणवेशाने जे साधले नाही ते मजुराच्या सदऱ्याने साधले, कारण फळी घेऊन जाणाऱ्या मजुराच्या तोंडाकडे पहारेकरी पाहत नाहीत. २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने प्रजासत्ताक मोडले आणि पुढच्या वर्षी तो सम्राट झाला. त्या वेळी सोंग नव्हते आणि मेलेली माणसे उठून बसली नाहीत.

एग्लिंटनला लाखभर प्रेक्षक होते, म्हणून त्याला निव्वळ सोंगखेळ म्हणता येत नाही. प्रेक्षक असले की तयारीचे वजन कुठे झुकते, याचे दुसरे उदाहरण माझ्या बिरादरीतले आहे, म्हणून सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या पॅटरसन गावी १९१३ च्या फेब्रुवारीत रेशीम गिरण्यांतल्या सुमारे पंचवीस हजार कामगारांनी संप केला. मुख्य कारण असे की, दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराला चार माग सांभाळायला लावत होते. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे दोनाचे तीन करायचे घाटत होते. पॅटरसनच्या संपाच्या बातम्या न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे छापीत नव्हती. तेव्हा जॉन रीड या तरुण पत्रकाराने व त्याच्या मित्रांनी ठरवले की, संपकऱ्यांनी स्वतःचाच संप रंगमंचावर करून दाखवावा. ७ जून १९१३ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारावर कामगार स्वतःचीच भूमिका करायला उभे राहिले. मागे गिरणीचा प्रचंड पडदा. पहाटे भोंगा वाजतो, माणसे आत जातात, संप पुकारून बाहेर येतात, पोलिसांशी झटापट, आणि गोळीने मेलेल्या व्हॅलेंटिनोची अंत्ययात्रा. पंधरा हजार लोक पाहायला होते आणि त्यांनी गाणी बरोबरीने म्हटली.

ती रात्र विलक्षण झाली याबद्दल दुमत नाही. पण हिशेब झाला तेव्हा शिल्लक तर नाहीच, उलट सुमारे दोन हजार डॉलरची तूट निघाली, आणि जुलैमध्ये संप हरला. संपाच्या पुढारी एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांनी जानेवारी १९१४ मधल्या भाषणात स्पष्ट टीका केली: तालमींच्या दिवसांत उत्तम कार्यकर्ते गिरणीच्या फाटकावरून हलले आणि इकडे पहारा ढिला पडला, शिवाय कोणाला घेतले, कोणाला वगळले यावरून मत्सर माजला. बाई स्वतः फाटकावर उभ्या होत्या, तेव्हा त्यांचे म्हणणे हलके घेता येणार नाही. तरी मला वाटते की, जे हजार जण त्या रात्री स्वतःची गोष्ट स्वतः करायला उभे राहिले त्यांच्याजवळ जे राहिले ते तुटीच्या आकड्यात दिसत नाही. या मुद्द्यावर आमच्या कचेरीत तास दोन तास वाद झाला आहे आणि तो मिटलेला नाही.

आता प्रेक्षक जिथून खरोखरच नाहीसा झाला तिकडे वळू. १ मे १९६६ रोजी, तारीख योगायोगाने आमच्याच सणाची, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी डायना पॅक्सन यांच्या घराच्या परसात काही विद्यार्थी आणि त्यांचे मित्र मध्ययुगी वेषात जमले, लुटुपुटीची झुंज खेळले आणि विसाव्या शतकाचा निषेध म्हणून त्यांनी मिरवणूक काढली. त्यातून एक संस्था उभी राहिली आणि ती देशोदेशी पसरली. या मंडळींजवळ प्रॅट नव्हता आणि तीस हजार पौंडही नव्हते. तलवार म्हणून त्यांनी वेताची जाड काठी घेतली, कारण वेत फुटला तरी त्याच्या टोकदार चिरफळ्या उडत नाहीत. शीतयंत्रांच्या वायूचे रिकामे लोखंडी डबे कापून टोप झाले, जुन्या सतरंज्यांचे तुकडे छातीला बांधले. नियम ठेवला तो इतकाच: जुन्या काळच्या वेषाचा प्रयत्न केलेला दिसला पाहिजे. प्रयत्न, एवढाच शब्द. शिवाय नव्याने येणाऱ्यांकडे लक्ष देणारा एक अधिकारी त्यांच्या शाखांतून नेमलेला असतो, आणि पुष्कळ शाखांत उसन्या कपड्यांची पेटी असते. तिला ते 'सोन्याची किल्ली' म्हणतात. ज्याच्याजवळ काही नाही त्याने पेटी उघडायची, अंगाला येईल तो अंगरखा घालायचा आणि आत जायचे. दीडशेंतून चाळीस उरण्याचा प्रसंग त्यांनी एका पेटीने टाळला.

पुढचा टप्पा झपाट्याने सांगतो. १९७४ साली अमेरिकेत टेबलाभोवती बसून खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात सोंग फक्त बोलून घ्यायचे. तीनच वर्षांत, १९७७ मध्ये, वॉशिंग्टनच्या परिसरात काही तरुण फोम गुंडाळलेल्या तलवारी घेऊन रानात उतरले. १९८२ साली इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या पेकफोर्टन किल्ल्यात 'ट्रेझर ट्रॅप' नावाने हा खेळ सुरू झाला. किल्ला मध्ययुगी दिसतो, पण तो बांधला १८४४ ते १८५० या काळात, एग्लिंटनच्या पिढीतल्याच एका धनिकाने. एका पिढीच्या श्रीमंतांनी जुन्याची नक्कल म्हणून उभारलेल्या भिंतींत तिसऱ्या-चौथ्या पिढीची साधी मुले शनिवार-रविवारी वर्गणी भरून खेळू लागली! तो खेळ काही वर्षांत बंद पडला, पण त्याच्या पोटी निघालेली मंडळे टिकली. १९९० मध्ये सायबेरियात क्रास्नोयार्स्कजवळ, १९९७ पासून ऑस्लो आणि आसपासच्या देशांत आळीपाळीने संयोजकांचे संमेलन, २००१ पासून जर्मनीत हजारोंच्या संख्येने भरणारे मेळे, असा हा वेल पसरला. नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली मुलेही त्यात दिसू लागली तर नवल नाही.

समजा अशा एखाद्या मुलाने विचारले की, काका, पहिल्यांदाच जातो आहे, काय तयारी करू? मी त्याला प्रथम शनिवार-रविवार मिळाला कसा ते विचारीन, ही आमची खोड. मग लंडनडेरीच्या छत्रीची गोष्ट सांगेन. बूट भक्कम पाहिजेत आणि ते आधी चालून मोडलेले पाहिजेत. पायमोज्यांचे दोन जोड जास्त, रात्री पांघरायला उबदार, प्यायला पाणी, रोजची औषधे. वेषाला एक साधा सैल अंगरखा, कमरेला पट्टा आणि खांद्यावर लोकरीचे पांघरूण पुरते. पहिल्या वेळी हत्यार विकत घेऊ नये. आजच्या तलवारीत मध्ये फायबरची कांब असते, तिच्यावर फोमचे थर आणि वरून रबराचा लेप. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक हत्यार तपासले जाते. टोकाची कांब हाताला लागली की ते बाजूला ठेवतात. दुकानदाराने दिलेला दाखला तिथे चालत नाही. उसने मागावे, देतात.

नियमांचे पुस्तक आधी वाचावे, पण सगळे पाठ करण्याच्या नादी लागू नये. घाव लागला म्हणजे काय करायचे आणि खेळ थांबवायचा शब्द कोणता, या दोन गोष्टी मात्र झोपेत विचारल्या तरी सांगता आल्या पाहिजेत. बर्कलीच्या परंपरेत कोणीही 'होल्ड' असे ओरडले की सगळे मैदान जागच्या जागी थांबते. मग तो ओरडणारा राजा असो की काल आलेला पोऱ्या. नॉर्वेकडच्या खेळांत दोन शब्द आहेत: 'कुट' म्हणजे सगळे थांबवा, आणि 'ब्रेम्स' म्हणजे थांबवू नका पण माझ्यावरचा जोर कमी करा. मला या दुसऱ्या शब्दाचे फार कौतुक वाटते. कारखान्यात यंत्र थांबवणारे लाल बटण कायद्याने बसवता येते. 'जरा हळू, मला झेपत नाही' एवढे म्हणण्याचा हक्क मिळवायला आम्हाला पिढ्या लागल्या, आणि अजून तो सगळीकडे मिळालेला नाही. मघाशी मी म्हणालो की कोणाला कोणते सोंग सोंग वाटत नाही याचा विचार आजचे चांगले संयोजक करतात, तो इथे दिसतो. तुरुंग, युद्ध, रोगाची साथ अशा विषयांवर तिकडे खेळ होतात. त्यांत कोणी आपल्याच घरातल्या आठवणीला अडखळला तर त्याला बाहेर पडायला दार ठेवलेले असते आणि खेळ संपल्यावर गोल बसून बोलायलाही वेळ राखलेला असतो.

राहिला प्रश्न सोंग कोणते घ्यावे हा. नवखा माणूस हटकून एकलकोंडा वीर निवडतो: काळा अंगरखा, कोणाशी बोलत नाही, मनात सूड. दोन दिवस तो झाडाखाली एकटा बसतो, कारण त्याने स्वतःच तसे ठरवलेले असते. त्यापेक्षा निरोप्या व्हावे, कर्ज वसूल करणारा व्हावे, हरवलेल्या भावाला शोधणारा शेतकरी व्हावे. म्हणजे चारचौघांच्या दारात जाण्याला कारण मिळते. नाव सोपे, धंदा एक, काहीतरी हवे असलेले एक, एवढे पुरे. आमच्या शिबिरातही ज्याला मॅनेजर करतो त्याला मी लांबलचक माहिती देत नाही. 'आज तुला पाच वाजता घरी जायचे आहे' एवढेच कानात सांगतो. मग तो मॅनेजर खरा वाटू लागतो.

आणि याहूनही सोपी वाट इंग्लंडमधल्या मंडळांत पेकफोर्टनच्या काळापासून चालत आली आहे. ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याने पहिल्या दिवशी राक्षस व्हावे. राक्षसांना पूर्वकथा लागत नाही. मुखवटा, जाडेभरडे पांघरूण आणि एक फोमची गदा मंडळच देते. झुडपामागे लपायचे, आरोळी ठोकून धावायचे, दोन घाव खाऊन पडायचे, वीरमंडळी पुढे गेली की उठायचे, आणि मागच्या वाटेने पळत जाऊन पुढच्या वळणावर पुन्हा नवे राक्षस म्हणून हजर व्हायचे. दिवसभरात पंधरा-वीस वेळा मरणे होते. त्यात घाव कसा हलका मारायचा, कसा मोजायचा, 'होल्ड'ला कसे थबकायचे हे अंगवळणी पडते आणि पडणे किती सोपे आहे हेही कळते. अंधार पडल्यावर मुखवटा काढून तो सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. निघण्यापूर्वी उसने घेतलेले पांघरूण घरी नेऊन, धुऊन, पुढच्या खेपेस परत आणायचे असते, आणि त्याची नोंद वहीत सहीनिशी करून घेतात.